पुढची चाकं

पिसाळांनी बॉनेट उचललं तेव्हा मी आधी इंजिनावर तळहात ठेवला. ते कोमट होतं.

"सकाळी कुठं नेली होती का गाडी?" मी विचारलं.

"न्हाई वहिनी. तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवली," जयवंत पिसाळ म्हणाले. "रात्रभर उघड्यावर असली की पहिल्यांदा थोडी खोकते."

आमच्या ह्यांनी फोनवर नेमकं हेच बजावलं होतं. गाडी थंड असताना समोर सुरू करायला लाव, पहिला धूर कुठल्या रंगाचा येतो ते बघ. हे तेव्हा फौजेत हवालदार होते, पार आसामच्या टोकाला. जुनी गाडी बघायला घरातल्या पुरुषानं जायचं ही आमच्याकडची रीत, पण ह्यांना दिवाळीशिवाय रजा नव्हती आणि गाडी पावसाळ्याच्या आत दारात पाहिजे होती. आमचं घर पाटणच्या वर, पठारावर. डांबर संपलं की घरापर्यंत लाल मातीची खडी चढण. पावसाळ्यात त्या चढणीवर माणसाचा पाय ठरत नाही, तिथं साध्या गाडीचं चाक काय ठरणार? म्हणून चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. आणि ती सगळ्या घराला पुरायला हवी होती. दोन मुली, त्यांची दप्तरं, मी, सासूबाई आणि सासूबाईंचे गुडघे.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या दिवशी त्या बरोबर आल्या होत्या. "मी बसणार, तर मीच बघणार," एवढंच म्हणाल्या आणि चपला घालून तयार झाल्या. मला मनातून वाटत होतं की त्या गाडीवर नाही, माझ्यावर नजर ठेवायला आल्यात. गाडी चालवायला मी माहेरी शिकले होते, वडिलांच्या जीपवर, उसाच्या रानातून. सासरी त्याबद्दल कुणी वाईट बोललं नव्हतं, पण कौतुकही केलं नव्हतं. लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली तरी आत्या आणि मी एका घरात दोन पाहुण्यांसारख्या वागत होतो.

पिसाळांचं गाव खाली खोऱ्यात. माणूस पन्नाशीचा, अंगानं आडवा, बोलायला गोड. गाडी पांढरी, उंच, मागं समोरासमोर दोन लांब सीटा. ह्यांनी सांगितलेलं एकेक मी बघत गेले. दारांच्या रबरांवर रंगाचे शिंतोडे आहेत का, म्हणजे ठोकून परत रंगवलेली असेल तर कळतं. सीटखाली हात घालून गाळ-माती लागते का, म्हणजे पुराच्या पाण्यात बुडालेली आहे का. टायर चारही सारखे झिजलेत का. पुढचे टायर मागच्यापेक्षा बरेच कमी झिजले होते. पिसाळ म्हणाले, पुढचे उशिरा बदललेत. वाकून खाली पाहिलं तर सगळीकडं नवा काळा रंग मारलेला. गंज धरू नये म्हणून मारलाय, पिसाळ म्हणाले. त्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं. 

आत्यांनी त्यांची परीक्षा वेगळी घेतली. मधल्या सीटवर चढल्या, उतरल्या, परत चढल्या. दार स्वतः ओढून लावून बघितलं. मग तिथंच बसल्या, खाली उतरल्या नाहीत. त्यावरून मी ओळखलं की गाडी त्यांच्या मनात भरली.

गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा होता. पिसाळांनी तो खटकन ओढला, समोर हिरवा दिवा लागला. "ह्यो दिवा लागला की चारी चाकं कामाला लागली," ते म्हणाले. मी म्हटलं, एखाद्या चढावर घालून बघू. त्यावर ते म्हणाले, रानात घालून कुणाची मशागत कशाला मोडायची, डांबरीवरच बघा, इंजिन कसं चालतंय त्यावरनं सगळं कळतं. मी स्टेअरिंगवर बसले, पिसाळ माझ्या शेजारी, आत्या मध्ये. डांबरीवर गाडी सुरेख चालली. क्लच हलका, ब्रेक सरळ. मी मनाशी जवळजवळ हो म्हणून टाकलं होतं.

परत येताना वळणावर एक बाई रस्त्याच्या मधोमध उभी दिसली. दोन्ही हात वर केलेले, पदर डोक्याभोवती गुंडाळलेला. मी गाडी थांबवली तेव्हा तिचा चेहरा दिसला. एक डोळा पुरता मिटलेला, ओठ सुजून उलटे झालेले.

तिला धड बोलता येत नव्हतं. तुकड्यातुकड्यांनी जे कळलं ते असं. डोंगरात वाघजाईचं ठाणं आहे. तिचं घर तिथं देवीला नैवेद्य करायला आलं होतं. चुलीचा धूर वर कड्याला लागला आणि आग्या मोहोळ उठलं. पोरंबाळं देवळात कोंडून घेतली म्हणून वाचली, पण तिच्या थोरल्या दिरांनी चूल विझवायला धाव घेतली आणि ते सापडले. आता त्यांना श्वास घेता येत नव्हता. टेम्पो त्यांना खाली सोडून गेला होता, संध्याकाळी परत येणार होता. आरोग्य केंद्राची गाडी लसीकरणाला लांबच्या वाडीवर गेलेली. आणि वर जाणारी वाट म्हणजे नुसता ट्रॅक्टरचा माग, मुरुमाचा, एका अंगाला ओढ्याची घळ.

"उचलून आणू चालत," पिसाळ लगेच म्हणाले. "ही वाट गाडीची न्हवं."

बाई म्हणाली, दीर अंगानं मोठे आहेत, आणि वरची माणसं सगळी चावलेली, उचलणार कोण?

मला वाटलं पिसाळ गाडीला ओरखडे पडतील म्हणून टाळतायत. मी त्यांच्याकडं न बघता दांडा ओढला. दिवा लागला. बाईला मागं बसवून मी गाडी मुरुमावर घातली.

पहिला चढ सरळ होता, गाडी चढली. दुसऱ्या वळणावर वाट डावीकडं कलंडलेली होती आणि मुरूम सुटा. मी जोर दिला. मागनं खडी उडाल्याचा आवाज आला, इंजिन ओरडलं, पण गाडी जागेवरच. मग ती हळूच मागं सरकली, घळीच्या बाजूला. मी ब्रेक दाबला. चाकं अडकली तरी गाडी खडीसकट सरकतच होती. मग थांबली. आरशात मला घळीतल्या करवंदीच्या जाळ्या दिसत होत्या, पण वाटेचा काठ दिसत नव्हता.

समोर हिरवा दिवा लागलेलाच होता. मला वाटलं, अजून जोर कमी पडला. मी पाय उचलून परत दाबणार, तेवढ्यात पिसाळांनी हँडब्रेक खस्सकन वर ओढला आणि त्यावर हात तसाच दाबून धरला.

"दाबू नका, वहिनी," ते म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "पुढची चाकं ओढत न्हाईत."

"दिवा लागलाय."

"दिवा लागतो. शाफ्टच काढलाय खालनं."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. इंजिनातली ताकद पुढच्या चाकांकडं नेणारा लोखंडी दांडा असतो, त्याला मिस्त्री लोक शाफ्ट म्हणतात. गेल्या साली पुढच्या बाजूनं घरघर यायला लागली. दुरुस्ती मोठी निघाली, करायची राहून गेली. मिस्त्रीनं तो दांडाच काढून ठेवला. आवाज बंद झाला. गाडी तेव्हापासून मागच्या दोन चाकांवर चालत होती आणि दिवा तेवढा लागत होता.

  मी त्यांना काय बोलले ते धड आठवत नाही. माझ्या मागं माझी सासू बसली होती, एका सुजलेल्या बाईचा दीर वर अडकला होता, आणि हा माणूस चढाच्या पायथ्याशी दिवा बघत गप्प बसला होता. असंच काहीतरी बोलले असेन.

पिसाळ ऐकून घेत होते. मध्येच आत्यांचा आवाज आला.

"भांडण मागनं. आता वर कसं जायचं ते बोला."

पिसाळ त्यांच्याकडं वळले. मग म्हणाले, "जाईल गाडी. मी माझ्या रानात वर्षभर हिला अशीच चढवतोय. चाकांतली हवा थोडी सोडायची. मागं वजन घालायचं, मागची चाकं दबली पाहिजेत. हा गिअरजवळचा दांडा खालच्या खणात टाकला की मागच्याच चाकांना दुप्पट जोर मिळतो. आणि एकजण दगड घेऊन मागनं चालला पाहिजे. घसरली की चाकामागं दगड द्यायचा." त्यांनी स्टेअरिंगकडं हात केला. "चालवायला मला द्या."

उतरून परत जाता आलं असतं. आत्यांना, त्या बाईला खाली उतरवायचं, गाडी तिथंच सोडायची. पण वर माणूस होता. आणि जायचं ठरवलं तर प्रश्न उरत होता एकच. आत्यांच्या गुडघ्यांनी दगड उचलून चढ चढणं शक्य नव्हतं, त्या बाईचा तर आता दुसरा डोळाही मिटत आला होता. म्हणजे मी चालवायची आणि पिसाळांनी दगड द्यायचा, नाहीतर पिसाळांनी चालवायची आणि गाडीच्या मागं मी. दोन्ही बाजूंनी विश्वास त्या माणसावरच टाकायचा होता, जो सकाळपासून माझ्याशी एक शब्द खरा बोलला नव्हता.

मी हँडब्रेक पुन्हा एकदा ओढून बघितला आणि खाली उतरले.

पिसाळांनी काडीनं हवा सोडली. मी आणि त्यांनी मिळून घळीच्या काठचे धोंडे आणून गाडीत मागं रचले. मी आत्यांसाठी दार उघडलं आणि हात पुढं केला.

"उतरा, आत्या. तुम्ही इथं सावलीला थांबा."

आत्या उतरल्या, पण सावलीकडं गेल्या नाहीत. गाडीच्या मागच्या दाराशी आल्या, रचलेल्या धोंड्यांकडं एक नजर टाकली आणि दाराची दांडी धरून चढू लागल्या.

"आत्या, गाडी घसरली तर—"

"वजन पाहिजे ना मागं?" त्या म्हणाल्या. "मग मी खाली राहून काय करू?"

त्या बरोबर मागच्या चाकावर येईल अशी जागा बघून बसल्या आणि त्या बाईला जवळ ओढून घेतलं. मी दार बाहेरून लावलं.

त्यानंतरची चढण मला पावलापावलानं आठवते. पिसाळ गाडी एकाच सुरात चालवत होते, ना जोर वाढवत ना कमी करत. मी डाव्या मागच्या चाकाच्या मागं, पोटाशी धोंडा धरून, अर्धी वाकून. सायलेन्सरचा धूर तोंडावर येत होता. वळण सरलं. पुढं थोडं पक्कं लागलं, मग परत खडी. दोनचार माश्या भिरभिरत कानाजवळून गेल्या. त्यांना हाकलायला माझ्याकडं हात नव्हता.

शेवटच्या वळणाआधी गाडी घसरली. आवाज आधी बदलला, मग गाडी माझ्या अंगावर यायला लागली. मी धोंडा चाकामागं टाकला. चाक त्यावर चढलं आणि धोंडा खडीत फिरून निसटला, गडगडत घळीत गेला. मी दुसरा शोधायला वळले. वर बघितलं तर मागच्या काचेत आत्यांचा चेहरा होता, माझ्यापासून हातभर अंतरावर. काचेला त्यांनी तळवा लावला होता आणि त्यांचे ओठ हलत होते. ऐकू काही येत नव्हतं, पण समजत होतं. बाजूला हो.

मी बाजूला झाले नाही. वाटेच्या कडेला एक चपटा, जमिनीत अर्धा पुरलेला दगड होता. तो उपसला कसा, देव जाणे. चाकाच्या मागं सरकवला आणि वरून दोन्ही पायांनी दाबून उभी राहिले. चाक दगडाला येऊन टेकलं. दगड खडीत इंचभर रुतला आणि तिथंच राहिला.

पुढून पिसाळांचा आवाज आला. "बसला का?"

"बसला."

"मग सरका उजवीकडं. आता थांबणार न्हाई."

आणि ते थांबले नाहीत. गाडी तिरकी होऊन, खडी उडवत, वळणाच्या वर गेली.  मी मागनं पळत सुटले.

देवळाच्या अलीकडं, झाडाखाली, तो माणूस घोंगडीत गुंडाळून ठेवला होता. चेहऱ्याला आकार राहिला नव्हता. श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज येत होता, आणि दोन श्वासांमध्ये इतका वेळ जात होता की आम्ही सगळे नकळत आपापले श्वास धरून थांबत होतो. चौघांनी धरून त्यांना गाडीत घातलं. धोंडे खाली फेकले. आत्यांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

पिसाळ स्टेअरिंगवरून उतरले आणि मला म्हणाले, "उतरणीला तुम्ही घ्या. तुमचा पाय हलका हाय, माझा आता लटपटतोय. पहिल्या गिअरातच ठेवा. घसरली तरी ब्रेक दाबायचा न्हाई, इंजिनच धरून ठेवतंय तिला."

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि स्टेअरिंगवर बसले. उतरताना गाडी एकदा घसरली. माझा पाय ब्रेककडं गेला होता, तो मी मागं घेतला. खरोखरच इंजिननं तिला धरली.

आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी दारातच इंजेक्शन दिलं, मग दुसरं दिलं, सलाईन लावलं, नाकाला नळी लावली. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. ती बाई दाराशीच टेकून उभी राहिली. माझ्या बोटांची कातडी सोललेली होती आणि ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, श्वास सुधारलाय, पण याहून उशीर झाला असता तर अवघड होतं. ती बाई मिटलेल्या डोळ्यांनीच रडायला लागली.

आत्या पिसाळांच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी समोरच्या भिंतीकडं बघत बोलायला सुरुवात केली, एखाद्या शेजाऱ्याशी बोलावं तशी.

"गेल्या पावसाळ्यात आमच्या मालकांच्या छातीत कळ आली. घरापर्यंत गाडी आली न्हाई. झोळी करून चौघांनी त्या चढावरनं खाली उतरवलं. चिखलात दोघं पडले. मालक वाटेतच गेले. म्हणून आमची सून गाडी बघत फिरतीय."

आत्या हे कधी कुणापुढं बोलल्या नव्हत्या. माझ्यापुढंही नाही. पिसाळांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि ती चुरगाळत बसले.

मी विचारलं, "पिसाळ, खरं सांगा. ती बाई रस्त्यात उभी राहिली नसती, तर तुम्ही मला शाफ्टचं सांगितलं असतं का?"

मला वाटलं ते म्हणतील, सांगणारच होतो, योग्य वेळ बघत होतो. सकाळपासून त्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. ह्यालाही असणार.



"न्हाई," ते म्हणाले. "सांगितलं नसतं. गाडी तुमच्या दारात सोडून, चहा पिऊन आलो असतो."

नर्स आली आणि गेली. पिसाळ उठून उभे राहिले. म्हणाले, आता तुम्ही काय गाडी घेत न्हाई, एस्टी स्टँडपर्यंत तरी सोडतो तुम्हाला.

"शाफ्ट आहे का घरी, का भंगारात घातला?" मी विचारलं.

"गोठ्यात हाय."

"मग कराडच्या मिस्त्रीकडं न्या. पुढचं सगळं उघडायचं, घरघर कशाची आहे ते काढायचं. मी तिथं उभी राहणार. गाडी उचलून पुढची चाकं फिरताना माझ्या डोळ्यांनी बघणार, मग आमच्या चढणीवर नेणार. चढली तर घेते."

 पिसाळांनी मान हलवली आणि ते बाहेर जाऊन टायरांत हवा भरून आणायला गाडी घेऊन गेले.

तेवढ्यात ह्यांचा फोन आला. गाडी कशी आहे, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. कोमट इंजिन, काळा रंग, दिवा, घळ, दगड. ह्यांचा आवाज चढत गेला. असल्या माणसाच्या सावलीलाही उभं राहू नकोस, आत्ताच्या आत्ता घरी जा, असं म्हणाले. आणि आईला त्या गाडीत बसवलीसच कशी? ह्यांचं चुकत नव्हतं. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर मीही तिला हेच सांगितलं असतं.

"मी घेतेय ती गाडी," मी म्हटलं. "नीट करून घेतेय."

"आईकडं फोन दे."

मी फोन आत्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि पलीकडचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.  ह्यांचं बोलून संपल्यावर म्हणाल्या, "तिनं न्हाई बसवलं मला. मी बसले. आणि ही मागं दगड घेऊन उभी होती. गाडी अंगावर येत होती तरी हलली न्हाई." मग "तू नव्हतास तिथं," एवढं म्हणाल्या आणि फोन मला परत दिला.

मी तो कानाला लावला. 

"वैजू," हे म्हणाले, "तुला लागलं का कुठं?"

मी सोललेल्या बोटांकडं पाहिलं. आत्यांनी तोवर माझा तो हात आपल्या हातात घेतला होता आणि पदराच्या टोकानं त्यातली माती टिपायला सुरुवात केली होती.

"नाही," मी म्हटलं.